एका नंबरावरची तेवीस माणसं

पुण्याच्या गाडीत, केडगाव सुटल्यावर गौतमीनं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि यादीच्या सातव्या ओळीत तिला नवनाथमामांचा मोबाइल नंबर दिसला. नाव नव्हतं. यादीत नावं नसायचीच, आणि ते तिनंच ठरवलं होतं; निर्णय घेणाऱ्याला समोर माणूस दिसू नये, नुसता व्यवहार दिसावा. पण हा नंबर तिला पाठ होता. एके काळी तो तिचाच नंबर होता म्हटलं तरी चाललं असतं. दहावीच्या फॉर्मवर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर, इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या कागदांवर, जिथं जिथं संपर्क क्रमांक लिहायला सांगितलं होतं तिथं तिथं हाच नंबर होता, कारण तिच्या घरात तेव्हा फोन नव्हता. तिच्याच काय, शिरूरच्या त्या वस्तीत निम्म्या घरांत नव्हता. एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला नवनाथमामांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं, आणि साऱ्या वस्तीला येणारे निरोप त्या एका फोनवर येत. कॉलेजात नंबर लागला तो मेसेजही तिथंच आला होता. मामा दुकान उघडं टाकून, चप्पलसुद्धा न घालता, तिच्या घरापर्यंत पळत आले होते. दारात उभं राहून त्यांना बोलता येईना एवढा दम लागला होता, आणि आईला वाटलं होतं काहीतरी वाईट झालं.

गाडी खुटबावला थांबली. समोरच्या बाईनं डब्यातल्या शेंगा काढून पोराला दिल्या, गौतमीपुढंही ओंजळ धरली, आणि गौतमीनं हसून मान हलवली. तिची कंपनी कार्यक्रमांची तिकिटं ऑनलाइन विकायची. गेलं वर्षभर तिनं एकच काम केलं होतं, तिकिटांचा काळाबाजार कसा थांबेल ते शोधायचं. विक्री सुरू झाल्या मिनिटाला काही लोक यंत्रं लावून शेकडो तिकिटं उचलत आणि संध्याकाळी तीच दहापट भावानं विकत. गौतमीनं सगळी पद्धतच बदलून टाकली. घाईला किंमत ठेवायची नाही. तीन दिवस नावनोंदणी, मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी सोडत; तिकिटावर नाव, दारात ओळखपत्र, आणि येता येत नसेल तर तिकीट परत कंपनीलाच, त्याच भावानं. शाहीर म्हाळूआबांचा शेवटचा जलसा हा ह्या पद्धतीचा पहिला मोठा कार्यक्रम होता. म्हाळूआबा ऐंशीच्या पुढं गेलेले, आवाज जायला लागलेला. हा कार्यक्रम झाला की डफ खाली ठेवणार असं त्यांनीच जाहीर केलं होतं. आयोजकांची अट एकच होती, की ज्यांच्यासाठी आबा आयुष्यभर गायले ती माणसं मैदानात पाहिजेत, पुढच्या खुर्च्या पैसेवाल्यांनी बळकावायच्या नाहीत. ही अट मीटिंगमध्ये वाचली गेली तेव्हा गौतमीनं ती वहीत उतरवून घेतली होती. तिला वाटलं होतं, आपण शिकलो ते कदाचित ह्याच कामासाठी.

आणि आता ही यादी. सोडत झाली होती, आणि तिकीट लागलेल्यांत नोंदणीत लबाडी केलेले सात गट यंत्रानं पकडले होते. एकच नंबर, एकच संगणक, आणि वेगवेगळी वीस, चाळीस, नव्वद नावं. शिवाय एक खूण होती, तीही तिचीच कल्पना: फॉर्म भरायला लागलेला वेळ. साधा माणूस तो फॉर्म दीड-दोन मिनिटांत भरतो. वीस सेकंदांच्या आत भरला गेला तर तो माणसानं भरलेला नाही असं समजायचं. सातव्या ओळीपुढं लिहिलं होतं, तिकिटं तेवीस, सरासरी वेळ अकरा सेकंद. गौतमीला दिसला तो मामांचा उजवा हात, करंगळीचं नख वाढवलेला, आणि कळफलकाकडं न बघता ओळीतल्या माणसाशी बोलत चाललेली बोटं. बारावीच्या सुट्टीत ती त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून टायपिंग शिकली होती. "अगं, लोकं मजुरी बुडवून येत्यात," मामा म्हणायचे, "आपल्या हाताला उशीर झाला तर त्यांचा दिवस जातो." एवढ्या वेगानं माणूस लिहीत नाही असं तिनं मीटिंगमध्ये सांगितलं होतं, पडद्यावर आलेख दाखवून. तेव्हा हा हात तिला आठवला नव्हता. कसा आठवला नाही, हे तिनं पुढं स्वतःला पुष्कळदा विचारलं.

सगळ्या गटांना खात्री करून द्यायचा मेसेज दोन दिवसांपूर्वीच गेला होता. प्रत्येकानं स्वतःच्या फोनवरून स्वतःचा फोटो पाठवायचा. सातांपैकी कुणीही उत्तर दिलं नव्हतं. तो मेसेज इंग्रजीत होता, आणि मामांच्या फोनवर दिवसाला दोनशे मेसेज येत असणार, बँकांचे, रेशनचे, पोरांच्या निकालांचे. हे तिला गाडीत बसल्या बसल्या कळत होतं. खाली एकच बटण होतं: सर्व रद्द करा. अकरा वाजायच्या आत दाबायचं होतं, म्हणजे ती तिकिटं प्रतीक्षेतल्या लोकांना जाणार. यवत आलं, गेलं. फोन करायला काय लागतं? मामा, तुम्ही कुणाकुणाची नावं भरलीत? एवढं विचारायचं. पण आई गेल्यापासून चार वर्षांत तिनं मामांना फोन केला नव्हता. दौंडला सम्राटशी लग्न झालं, रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं, पुण्याचं येणं-जाणं सुरू झालं, आणि शिरूरला जाण्याचं कारण उरलं नाही असं ती स्वतःला सांगत आली होती. आता चार वर्षांनी फोन करायचा तो हे विचारायला? आणि मामा खरोखरच तिकिटामागं जास्त घेत असतील तर? फॉर्ममागं वीस-तीस रुपये ते घ्यायचेच. त्याला हमाली म्हणायचं की काळाबाजार, हे ती स्वतःच्याच नियमात शोधायला लागली आणि तिला ते सापडेना.

पण ही सगळी वरवरची कारणं होती. खरं कारण दुसरंच होतं, आणि ते लोणी येईपर्यंत तिनं मनात नीट येऊ दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात जेवताना एक सहकारी आपल्या तालुक्यातल्या, कोट्यातून आलेल्या एका अधिकाऱ्याची गोष्ट सांगत होता. त्यांच्यातलं कुणी खुर्चीवर बसलं, तो म्हणाला होता, की पहिली कामं आपल्या लोकांची. त्यानं गौतमीकडं पाहिलं नव्हतं. कदाचित ती तिथं आहे हे त्याच्या लक्षातही नसेल. बाकीचे हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. तिनं डब्यातली भाजी शेवटपर्यंत खाल्ली, डबा धुतला, आणि जागेवर येऊन बसली. त्या दिवसापासून तिच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती. आता सहा गट रद्द करून सातवा सोडला, आणि तो शिरूरचा निघाला, तिच्या वस्तीचा निघाला, तर ती काय सांगणार होती? तिचा साहेब सत्यजीत चांगला माणूस होता, पण तिनंच त्याला पहिल्या दिवशी ठासून सांगितलं होतं, "सर, अपवाद ठेवायचा नाही. काळाबाजारवाला त्या अपवादातूनच आत येतो." सत्यजीतनं ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं होतं. हडपसरच्या अलीकडं गाडी सिग्नलला उभी राहिली. रुळांच्या कडेला एक बाई गवत कापत होती. गौतमीनं बटण दाबलं. चारशे बारा तिकिटं रद्द झाली असं पडद्यावर आलं, तसे इंग्रजी मेसेज आपोआप गेले, आणि तिला खरोखर हलकं वाटलं. ते हलकं वाटणं तिला पुढं कधीच विसरता आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानाभोवती पत्रे ठोकले होते. रंगमंचाच्या मागं एका पत्र्याच्या खोलीत गौतमी, सत्यजीत आणि आणखी दोघं पडद्यांसमोर बसले होते. कुठल्या दारातून किती माणसं आत आली ते आकडे तिथं दिसत. तिकीट बरोबर असलं की हिरवी ओळ, नसलं की लाल. सहा वाजून बारा मिनिटांनी दोन नंबरच्या दाराला लाल ओळी यायला लागल्या. एक, मग दुसरी, मग थांबेनाच. इथं नावं दिसत होती, कारण दारात ओळखपत्र बघत होते. शेवंताबाई. गेणबा. म्हाळसा. दीक्षा. विठाबाई. बाळासो. तिनं प्रत्येक नाव वाचलं, आणि प्रत्येक नावाला एक घर होतं, एक ओटा होता, दारातला नळ होता. विठाआजीच्या घरची भाकरी तिनं किती वेळा खाल्ली होती, आई मजुरीवरून उशिरा यायची तेव्हा. "आले बघ," सत्यजीत आनंदानं म्हणाला. "एकाच गटाचे तेवीस. टोळीच दिसतेय. गौतमी, मानलं तुला." त्यानं टाळी द्यायला हात पुढं केला आणि तिनं त्या हातावर हात मारला. दोन नंबरचं दार दोनशे पावलांवर होतं. तिनं उठून जायचं ठरवलं. चार्जर शोधते, पाणी पिऊन येते, काहीही सांगता आलं असतं. पण तिथं जाऊन काय करायचं? मी गौतमी, मी इथं नोकरीला आहे, मीच तुमची तिकिटं रद्द केली, असं म्हणायचं? की काही न सांगता त्यांना आत घ्यायचं, आणि मग सत्यजीतला ते सांगायचं? ती विचार करत राहिली आणि तेवढ्यात डफावर थाप पडली, मैदानात एकदम आरोळी उठली. लाल ओळी थांबल्या. तेविसाव्यानंतर चोविसावी आली नाही. सगळं मैदान हिरवं झालं होतं. रात्री गाडीत सम्राटचा फोन आला, कसा झाला कार्यक्रम, आणि ती म्हणाली, "एकही तिकीट ब्लॅकनं विकलं गेलं नाही." तो म्हणाला, "मग आवाज असा का तुझा?" ती म्हणाली, "दमले."

आठ दिवस तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. जेवत होती, गाडी पकडत होती, सम्राटशी बोलत होती, पण एखाद्या खोलीत दिवा चालू राहिला असावा तशी ती संध्याकाळ आत चालूच होती. नवव्या दिवशी तिनं सत्यजीतला सगळं सांगितलं. त्यानं ती सातवी ओळ पडद्यावर पुन्हा उघडली. मग म्हणाला, "तू त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी दोन मिनिटांत ती सोडली असती." कदाचित खरंच सोडली असती. कदाचित सोडून, संध्याकाळी कुणाजवळ तरी काही बोललाही असता. आता ते कधीच कळणार नव्हतं. तिनं ज्याची भीती धरली ते होतं की नव्हतं, हे तपासायची एकच संधी होती, आणि ती तिनं हडपसरच्या अलीकडं घालवली होती. दोघांनी बसून नियम दुरुस्त केला. दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांची वेगळी नोंद ठेवायची. संशयित गट रद्द करण्याआधी माणसानं माणसाला फोन करायचा, मराठीतून. नियम चांगला झाला. सत्यजीत म्हणाला, "हे आधीच का नाही सुचलं आपल्याला?" तो ‘आपल्याला’ म्हणाला, ह्याचंही तिला बरं वाटलं नाही.

रविवारी ती एकटीच दौंडहून न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं शिरूरला गेली. दुकानात गर्दी नव्हती. मामांचे केस पिकले होते, चष्मा आला होता. तिला बघून ते उभे राहिले, स्टूल पुसलं, समोरच्या टपरीवर ओरडून चहा सांगितला. "किती दिसांनी गं! सम्राट बरा हाय का? तिकिटांच्या कंपनीत हायस ना तू? म्या सगळ्यांस्नी सांगतो, आपली गौतमी तिकिटांच्या कंपनीत सायब हाय." मग त्यांनी आपणहून ती गोष्ट काढली. म्हाळूआबांच्या कार्यक्रमाला टेम्पो करून गेलो होतो, दारातूनच परत फिरलो. तिकिटं खोटी हायत म्हणले. "तुला फोन करावा वाटलं हुतं तिथनं. नंबर हाय की माझ्याकडं. पण म्हणलं नको. तिची मोठी नोकरी, आपल्यापायी तिला बोल लागायचा."

गौतमीनं चहाचा कप खाली ठेवला. "मामा, ती तिकिटं मी रद्द केली."

"म्हंजी?"

तिनं सांगितलं. यादी, नंबर, अकरा सेकंद, सगळं. मधे एकदा एक पोरगी आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला आली, मामांनी उठून ती काढून दिली आणि परत येऊन बसले. सांगून झालं तेव्हा त्यांनी कळफलकावरची धूळ बोटानं पुसली.

"मशीनला वाटलं, म्या मशीन हाय?" ते म्हणाले, आणि हसायला गेले, पण ते हसणं तोंडातच राहिलं. "आन् नंबर तुला दिसला हुता?"

"दिसला होता."

"माझा हाय हे कळलं हुतं?"

"कळलं होतं."

मामांनी मान हलवली. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त एवढं सांगितलं, की शेवंताबाई वस्तीत म्हणत फिरली, नवनाथनं सगळ्यांस्नी फसवलं. आन् लोकांस्नीबी ते खरं वाटलं, एवढ्या वर्षांची ओळख, पर एकदा वाटलं की वाटलं. कंपनीनं भरलेली रक्कम परत केली होती, ती त्यांनी घरोघरी जाऊन दिली, टेम्पोचं भाडं स्वतःच्या खिशातून भरलं, तरी दोन घरांतली माणसं आता फॉर्म भरायला दुसऱ्या दुकानात जातात. "आन् तवापासनं म्या सावकाश टायपतो," ते म्हणाले. "वाटलं, घाईत माझ्याच हातनं काय चुकलं आसंल." तेवढ्यात एक म्हातारा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आला. मामा एकेक अक्षर बघून, एकेका बोटानं लिहायला लागले. गौतमी ते बघत बसली. "मामा, नियम बदललाय आता," ती म्हणाली. "तुमच्या दुकानाची नोंद मी स्वतः करून देते. मी शेवंताकाकूकडंही जाते, सगळ्यांना सांगते, चूक माझी होती." मामांनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, "त्यांच्याकडं जा मागनं. आधी विठाबाईकडं जा. ती कुणाला काय बोललीच न्हाई."

विठाआजी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिला कमी दिसायचं; गौतमीचा हात हातात घेऊन, मनगट चाचपून तिनं ओळखलं. "वाळलीस," ती म्हणाली. गौतमी तिच्याशेजारी बसली आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. ह्या वेळी यंत्र, यादी, सेकंद असलं काही सांगता आलं नाही. "आजी, तुम्हाला आत सोडलं नाही ते माझ्यामुळं. मला माहीत होतं तुम्ही आहात, आणि मी आले नाही."

आजीचा हात थांबला नाही. पाकळ्या परातीत पडत राहिल्या. "आमी लगीच न्हाई निघालो," ती म्हणाली. "पत्र्याला टेकून बसलो समदे. टेम्पोवाला घाई करत हुता, तरी तीन गाणी ऐकली. आवाज बसलाय गं त्याचा. पर तोच हाय." तिनं लसणाचा नवा गड्डा घेतला. "ह्या वस्तीत आला हुता तो, माझं लगीन नवं हुतं तवा. गावातल्या लोकांनी चावडीपुढं गाऊ दिलं न्हाई, मंग हितं, नदीच्या अंगाला झाला जलसा. समद्या शाहिरांचं जेवण माझ्याकडं. भाकऱ्या थापत चुलीपुढनं ऐकला म्या. बाहेर यावं म्हणलं, तर पीठ सरंना. भाकऱ्या झाल्या तवा ते जेवून उठून गेल्ते. म्हणलं, एकदा बघावा. फोटूत बघून काय हुतंय." तिनं परात बाजूला सारली आणि पदराला हात पुसून गौतमीकडं तोंड केलं. राग नव्हता त्या चेहऱ्यावर. उलट काहीतरी लहान मुलीसारखं होतं, उत्सुक.

"तू आत हुतीस म्हणतीस ना? मंग सांग की मला. कसा दिसत हुता? उभ्यानं गायला का बसून?"

गौतमीनं आठवायचा प्रयत्न केला. पत्र्याची खोली आठवली, पंखा आठवला, सत्यजीतचा पुढं आलेला हात आठवला, आणि आकडे, नुसते आकडे, दाराचे, रांगांचे, मिनिटांचे. रंगमंच तिच्या पाठीमागं होता, वीस पावलांवर. तीन तास आबा गात होते आणि तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. खोटं सांगता आलं असतं. बसून गायले, आजी, फेटा होता, असं. आजीला ते पुरलं असतं, जन्मभर पुरलं असतं.

"मी बघितलं नाही, आजी," ती म्हणाली.

विठाआजीनं नीट ऐकू आलं नसल्यासारखा कान पुढं केला. "आत असून?" तिनं विचारलं. मग तिनं परात पुन्हा पुढं ओढली, त्यातला मूठभर लसूण गौतमीच्या ओंजळीत घातला, आणि दोघी खाली मान घालून सोलत बसल्या.